चादरीचा चौथा भाग

माझ्या लिहिण्याबद्दल बोलताना कुणी 'शैली' हा शब्द काढला की मी विषय बदलते. परवा एका कार्यक्रमात असंच झालं. एक तरुण प्राध्यापिका माझ्या ललित लेखांवर बोलत होत्या. म्हणाल्या, बाईंच्या लेखनात एक शब्द जास्तीचा सापडत नाही, प्रत्येक भाग दुसऱ्या भागाला सांभाळून असतो, ही प्रमाणबद्धता त्यांनी कुठून मिळवली हा अभ्यासाचा विषय आहे. मी मान खाली घालून समोरच्या हाराची फुलं मोजत बसले. कसला अभ्यास करताय, बाई! ती प्रमाणबद्धता नाही, भीती आहे. आणि ती कुठून आली ते मला पक्कं ठाऊक आहे. एका पोपटापासून.

माझे वडील चादरींची नक्षी काढायचे. घरात आम्ही त्यांना आबा म्हणतो, कारखान्यात सगळे मास्तर म्हणत. ते कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नव्हते, शिकायलाही फारसे गेले नव्हते. मूळ गाव केमजवळ, घरी शेरडं-मेंढरं. मेंढरांमागं हिंडताना काठीनं मातीत चित्रं काढायचे आणि मेंढरं ती तुडवत पुढं जायची, असं सांगायचे. विशीत गाडीत बसून सोलापूरला आले, एका चादरीच्या कारखान्यात कामाला लागले आणि तिथल्या म्हाताऱ्या तेलुगू नक्षीकाराच्या हाताखाली शिकले. त्या म्हाताऱ्याची मराठी तेलुगू वळणाची, आबांची मेंढरांमागची. एकमेकांचं निम्मं बोलणं दोघांना कळत नसे, आणि आबांच्या मते म्हणूनच त्यांचं कधी भांडण झालं नाही.

ज्यांनी चादर फक्त अंगावर ओढून घेतली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. नक्षी आधी ग्राफच्या कागदावर निघते. बारीक चौकटींचा टेबलाएवढा कागद. एकेक चौकट भरायची किंवा रिकामी सोडायची. मग त्या ग्राफच्या एका ओळीचा एक पुठ्ठा, आणि जिथं चौकट भरलेली तिथं पुठ्ठ्याला भोक. असे शेकडो पुठ्ठे माळेसारखे ओवून मागावर चढवतात आणि माग भोकं बघून दोरे उचलतो. मागाला फूल कळत नाही, पान कळत नाही. भोक आहे की नाही, एवढंच त्याला कळतं.

आता यातली गंमत अशी की आबा कधीच अख्खी चादर काढत नसत. ते फक्त चौथा भाग काढायचे. एक कोपरा, दोन बाजूंचे काठ, आणि मधल्या फुलाचा पाव हिस्सा. उरलेले तीन भाग माग स्वतःच उलटसुलट करून विणायचा. म्हणजे कागदाच्या कडेला अर्धवट तोडलेलं पान दिसलं तर ते तोडलेलं नसायचं, त्याचा जोडीदार पलीकडून यायचा असायचा. तो कसा येईल हे बघायला आबांकडं एक दाढीचा आरसा होता, पत्र्याच्या चौकटीचा, एका कोपऱ्यात पारा उडालेला. तो ते कागदाच्या कडेवर उभा धरायचे, आणि अर्ध्या फुलाचं पूर्ण फूल व्हायचं. त्या एका क्षणासाठी मी शाळेतून पळत घरी यायची. मला म्हणायचे, "बग आता, सांगाती आला का न्हाय?"

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल होतं. गल्लीत दिवसभर मागांचा खडखडाट. तो थांबला तरच आम्हाला काहीतरी आवाज झाल्यासारखं वाटून आम्ही बाहेर बघायचो. आबा आधी काठ काढायचे. काठ पुरा झाल्याशिवाय मधल्या भागाला हात लावायचे नाहीत. मी एकदा विचारलं, फुलं सोडून आधी काठ का? तर म्हणाले, "काठ म्हंजी घराची भित. भितच न्हाय तर चूल कुटं मांडनार?" मग काठात जे वळण असेल त्याचंच एखादं पोर मधल्या फुलात दिसायचं, मोठ्या वेलीचा छोटा आकडा, तोच, पण लहान. नुसतं बघणाऱ्याला ते कळायचं नाही, पण चादर बघून बरं वाटायचं ते त्यामुळं.

आणि मधल्या मोकळ्या जागेला ते रान म्हणायचे. रान राखण्यात त्यांचा जीव. मालकांना भरगच्च चादर आवडायची, गिऱ्हाईकाला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं म्हणून. आबा वाद घालायचे नाहीत. भरगच्च काढून दाखवायचे आणि मग दाराशी जाऊन, लांबून बघून, परत येऊन एकेक फूल खोडरबरानं पुसायचे. मालकांना अखेरपर्यंत कळायचं नाही की काय कमी झालं. उलट म्हणायचे, "मास्तर, आता कसं भरल्यासारखं दिसायलंय बघा!" मग संध्याकाळी जेवताना आबा आईला हे सांगायचे आणि कडक भाकरीचा तुकडा मोडत एकटेच हसायचे.

मी कॉलेजात गेले आणि मला लिहायचा नाद लागला. वार्षिक अंकासाठी मी तळ्याकाठच्या सूर्यास्तावर एक लेख लिहिला. एका रविवारी सकाळी तो आबांना वाचून दाखवला. सूर्य त्यात केशरी होता, सुवर्णमय होता, विरहव्याकूळही होता. पाण्यावर त्याची शंभर रूपं होती आणि मी त्यातलं एकही सोडलं नव्हतं. आबा पेन्सिल तासत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "समदी फुलं एकाच गटुळ्यात बांदलीस की, पोरी. काठ कुटं हाय ह्येला? आन् रान?"

मला इतका राग आला म्हणून सांगू! ज्या माणसाला स्वतःची सही करायला अर्धं मिनिट लागतं, तो मला लेखनाचं सांगतो. मी मनात म्हटलं, तुमची रानं तुम्हालाच लखलाभ. त्या वयात मला रिकामी जागा दिसली की ती आळशीपणाची वाटायची.

त्याच महिन्यात दुधनीच्या एका व्यापाऱ्याची मागणी आली. मुलीचं लग्न होतं, पाहुण्यांना आहेर म्हणून द्यायला खास नक्षीच्या चादरी हव्या होत्या. आबांनी त्यासाठी जो ग्राफ काढला तो मला आजही डोळ्यांपुढं दिसतो. कडेनं आंब्याच्या पानांचा काठ आणि मधोमध एकच लहान फूल, बाकी सगळं रान. लग्नघरात आधीच सगळं भडक असतं, त्यात ही चादर निवांत दिसंल, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र ते मोकळं रान डोळ्यांत खुपायला लागलं. बाहेरगावचा बडा माणूस, आणि त्याच्या पोरीच्या लग्नात एवढंसं फूल?

एका दुपारी आबा सात रस्त्याच्या चौकात कागद आणायला गेले होते. मी टेबलाशी बसले आणि त्यांच्याच पेन्सिलीनं, चौकटी मोजून, त्या रानात एक पोपट काढला. मला ग्राफ भरता येत होता, लहानपणापासून बघत आले होते. वाकडी चोच, चोचीत मिरची, गळ्यात पट्टा, मागं लांब शेपूट. शेंबड्या पोरानंसुद्धा पोपटच म्हणावं असा पोपट. शेपटी जरा लांबली आणि कागदाच्या कोपऱ्याला टेकली. तो कोपरा म्हणजे चादरीचा बरोबर मध्य. आरसा खिडकीत पडलेला होता. तो मी उचलला नाही. मला माझा पोपट एवढा आवडला होता की दुसरं काही बघायची गरजच वाटली नाही.

आबांना मी सांगितलं नाही. त्यांना तो आपसूक दिसावा, त्यांनी चकित व्हावं, अशी इच्छा. दोन दिवस मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यांनी काठाच्या चौकटी पुन्हा एकदा मोजल्या, कागदावरून हात फिरवला, गुंडाळी केली आणि कारखान्यात नेऊन दिली. एका शब्दानं बोलले नाहीत. मला वाटलं, पसंत पडला. त्या दिवशी मी आनंदानं मैत्रिणीला भजी खायला घातली.

खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं. तो आरसा बरेच महिने खिडकीतून हलला नव्हता. विचारलं तर म्हणायचे, "आता हातात बसलाय समदा हिसाब." भर दुपारी उजेड कमी आहे म्हणून कुरकुरायचे. चौकटी मोजताना डोळ्यांपेक्षा नखाचा आधार घ्यायचे. घरात बसून सगळं दिसत होतं, आणि मी मात्र सूर्यास्ताची शंभर रूपं मोजत होते.

लग्न तोंडावर आलेलं, घाई होती. नमुन्याची चादर वेगळी काढून कुणी बघितली नाही, सरळ दोन मागांवर काम लावलं. विणलेलं कापड मागाच्या पोटाशी गुंडाळत जातं, त्यामुळं अख्खी चादर कापून पसरेपर्यंत कुणाला दिसत नाही. ज्या दिवशी दुधनीचे व्यापारी बघायला आले त्याच दिवशी ती पहिल्यांदा पसरली. मी आबांचा डबा घेऊन गेले होते, दारातच उभी होते.

चादरीच्या मधोमध माझ्या पोपटाचे चार पोपट झाले होते. चौघांच्या शेपट्या एकमेकांत अडकून एक गोळा झाला होता, पंख आठ पायांसारखे बाहेर पसरले होते, आणि चोचीतल्या मिरच्या नांग्यांसारख्या वाकल्या होत्या. त्या गोळ्याखाली आबांचं ते लहान फूल पार चिरडलेलं. आरसा धरला असता तर हे मला पहिल्या मिनिटाला दिसलं असतं. व्यापारी आपल्या भावाकडं वळून कानडीत म्हणाले, "एनिदु?" हे काय म्हणून. त्यांचा भाऊ हसला. मालकांनी आबांना हाक मारली. "मास्तर, ह्ये काय हो? लग्नाच्या चादरीवर खेकडा काढलाव की!"

आबा पुढं आले. चादरीकडं बघितलं. मग खाली बसले, वाकले, नाक टेकेल इतके जवळ गेले, आणि तरी नीट कळेना म्हणून त्यांनी तळहात चादरीवर ठेवून मधला भाग चाचपायला सुरुवात केली. कारखान्यातले सगळे बघत होते. माग बंद केले होते, त्यामुळं फार शांत होतं. त्या चाचपणाऱ्या हाताकडं बघताना मालकांचा चेहरा बदलला. त्यांचा राग गेला. त्यांना कळलं, मलाही त्याच वेळी कळलं. आबा उठून म्हणाले, "माजी चूक हाय, मालक. माज्याच हातनं झालं." मी डबा दाराशी ठेवला आणि पळत घरी आले. तिथंच, त्याच वेळी बोलायला हवं होतं. बोलले नाही. याची लाज मला आज या वयातही वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा चहा पीत बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि एका दमात म्हटलं, "आबा, चादरीच्या मदलं ते तुमी न्हाय, मी काडलं व्हतं." त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "ठावं हाय की मला. बगितलं व्हतं मी. बरं दिसलं, म्हून ऱ्हाऊ दिलं."

"मग आरसा का न्हाय धरला?"

"चुकलं माजं. तू जा कालेजात, उशीर व्हईल."

त्यावर पुन्हा आमच्या घरात कुणी काही बोललं नाही. मालक चांगला माणूस होता. त्यांनी आबांना काढलं नाही, पण ग्राफचं काम काढून घेतलं. तयार चादरी तपासायच्या आणि घड्या घालायच्या, असं काम दिलं. ते बोटांनीच व्हायचं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही, आहे ती सांभाळा. आबांनी पेन्सिली मला देऊन टाकल्या. आरसा आईनं उचलून ठेवला. त्या बिघडलेल्या चादरींतली एक मालकांनी आमच्याकडं पाठवली. आईनं ती पेटीत तळाला घातली आणि वरून इतर कपडे रचले.

त्या कबुलीच्याच दिवशी कॉलेजातून घरी येऊन मी तो सूर्यास्ताचा लेख काढला आणि खोडत गेले. केशरी ठेवलं, बाकी सगळं उडवलं. तेव्हापासून आजपर्यंत मी असंच लिहिते. वाक्य झालं की त्याला मनातल्या मनात आरसा धरते. हे वाक्य पानाच्या शेवटी कशाला जाऊन भिडणार आहे, तिथं काय होईल, फूल होईल की खेकडा. नुसतंच देखणं काही सुचलं तर मी मनात म्हणते, पोपट. आणि खोडते. लोकांना त्यात संयम दिसतो.

पण त्या सकाळच्या उत्तरानं मला चाळीस वर्षं सोडलं नाही. आबांनी तो पोपट खरंच बघितला होता का? बघितला असेल, तर नजर तेव्हा पुष्कळ शाबूत होती, आणि माझ्या पोपटानं त्यांचं काम वेळेआधीच घालवलं. बघितला नसेल, तर ज्या माणसानं जन्मभर एक चौकट खोटी भरली नाही, तो माझ्यासाठी खोटं बोलला. दोन्हींतलं कुठलंही एक घेतलं तरी गळ्याशी येत होतं. विचारायचं धाडस मला कधी झालं नाही. सुटीत आले की ठरवायची, आज विचारू. आणि मग शेंगा सोलत इकडचं तिकडचं बोलत बसायची.

आता आबा माझ्याकडं राहतात. आई गेली, ती गल्ली गेली, बहुतेक माग गेले. नक्षी आता संगणकावर निघते, तिथं एक कळ दाबली की चारी भाग दिसतात, आरसा लागत नाही. आबांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. कान मात्र शाबूत आहेत. मी लिहिलेलं सगळं आधी त्यांना वाचून दाखवते. ते मधेच बोट वर करतात आणि म्हणतात, "हितं आरसा धर." बरोबर तिथंच काहीतरी विजोड असतं. माझ्या आयुष्यात मला दुसरा कुठला संपादक इतका आवडला नाही, आणि हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

मागच्या थंडीत पांघरुणं कमी पडली म्हणून मी पेटी उपसली आणि ती चादर वर आली. धुऊन वाळवली. सकाळच्या उन्हात आबा गॅलरीतल्या खाटेवर बसतात, त्यांच्या पायांवर ती घातली. कुठली आहे ते सांगितलं नाही. शेजारी बसून नवा लेख वाचायला लागले. आबा ऐकत होते आणि त्यांची बोटं चादरीवरून फिरत होती, आधी काठावरून, आंब्याचं एकेक पान मोजत, मग हळूहळू आत. मधोमध येऊन थांबली.

"आबा, ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय की." मग म्हणाले, "ह्यो मोर लई झ्याक काडला व्हतास बग."

मी वाचायची थांबले. "कुटला?"

"ह्योच की. तुजा." चारी शेपट्या जिथं एकत्र आल्या होत्या तिथून त्यांनी बोटं बाहेरच्या बाजूला पसरत नेली. "पिसारा कसा फुलवलायस! तवा कागदावर बगितला आन् म्हनलं, ऱ्हाऊ दे. पोरीनं हौसेनं मोर काडलाय."

मी चादरीकडं बघितलं. मिरचीसकट चार पोपट. कागदावर तर एकटाच होता, आणि पिसारा नव्हताच. मालक खेकडा म्हणाले होते, व्यापाऱ्यांनी तेवढंही म्हटलं नव्हतं, आणि मी तर कधीच काही म्हटलं नव्हतं. पोपट हा शब्द चाळीस वर्षांत आमच्या घरात एकदाही कुणी उच्चारला नव्हता.

माझं गप्प राहणं त्यांना लगेच ऐकू आलं. त्यांची मान जराशी माझ्याकडं वळली, बोटं चादरीवर थांबली. "मोरच हाय न्हवं त्यो?"

"व्हय की, आबा," मी म्हटलं. "मोरच."

"मग!" ते समाधानानं म्हणाले. "वाच फुडं."

मी पुढं वाचायला लागले. दुसऱ्याच वाक्यात एक विशेषण जास्तीचं होतं. मला ते दिसलं, त्यांनाही ऐकू आलं असणार. त्यांनी बोट वर केलं नाही, आणि मीही ते राहू दिलं.